सुभद्रावयनींचं पान

पेडणे तालुक्यातल्या ज्या वाडीवर माझी पहिली नेमणूक झाली, तिथं दारू पिऊन व्हाळाच्या पाण्यात पडणाऱ्याला लोक ‘बिचारो’ म्हणत. शेजाऱ्याची मेर हळूच सरकवून शेत वाढवणाऱ्याला ‘हुशार’ म्हणत. सुभद्रावयनींना मात्र नाव ठेवल्याशिवाय कुणाच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्या घरात सगळ्यांच्या आधी जेवत. नवऱ्याच्या आधी, मुलाच्या आधी. ‘आधी जेवणारी’ हेच त्यांचं वाडीवरचं नाव होतं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायला जी छाती लागते ती वाडीवर कुणाकडे नव्हती.

गोवा मुक्त होऊन दहाबारा वर्षं झाली होती. गावोगाव मराठी शाळा निघाल्या होत्या आणि त्यांना शिक्षक पुरत नव्हते, म्हणून माझ्यासारखी फोंड्याची मुलगी उचलून पेडण्यात टाकली होती. वयनींच्या घराला लागून एक खोली रिकामी होती. ती बघायला मी गेले तेव्हा ऐन दुपार होती. ओसरीवर एक गृहस्थ हातपाय धुऊन, खांद्यावर पंचा टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. हे वयनींचे यजमान, आबा. त्यांनी मला आत जायची खूण केली. स्वयंपाकघरात पन्नाशीच्या जवळ आलेली एक धिप्पाड बाई पाटावर बसून जेवत होती. समोर उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, तांबडी भाजी. माझ्याकडे बघून तिनं घास गिळला आणि म्हणाली, “बसा बाई. मी जेवतंय. जेवताना मी उठनंय नाय. खोली बरी आसा, पावसात एका कोनशाक गळता, ती सांगून ठेवतंय. जेवलात?”

मी जेवले नव्हते. तसं म्हटल्याबरोबर त्यांनी हात लांब करून माझ्यापुढे ताट सरकवलं. मी आणि त्या जेवलो. आबा बाहेर रस्त्याकडे बघत होते.

पुढं मी आबांना एकदा विचारलं होतं, की लोक हसतात त्याचं तुम्हाला काही वाटत नाही का. आबा गरीब गाईसारखे होते. म्हणाले, “ती जेवली की तिचो राग उतारता. मागीर आमका बरां जेवण मेळता.” यात किती तत्त्वज्ञान होतं आणि किती भीती, ते मला कधी कळलं नाही. पण त्या घरात भांडं आपटल्याचा आवाज मी ऐकला नाही, आणि वाडीवरच्या बाकी घरांतून तो रोज ऐकला.

वयनी खादाड नव्हत्या. हे सांगावं लागतं, कारण वाडीचा समज तसा होता. त्या वेळेवर, सावकाश आणि सगळं खात. मासळी किती आहे ते बघून आपली तुकडी घेत, भाजी मोकळ्या हातानं वाढून घेत आणि बाकीच्यांसाठी नीट झाकून ठेवत. त्यांचा नियम सोपा होता: “जी चुलीकडे भाजता, तिना गरम खावचां.” पण हा नियम ऐकून बायकाच कानावर हात ठेवत. कारण वाडीवरची चांगली बाई कशी, तर सगळ्यांचं झाल्यावर मडक्याच्या तळाची करपलेली शितं आणि हुमणाचा नुसता रस घेऊन चुलीकडे पाठ करून चार घास उरकणारी. तिला भाषणात अन्नपूर्णा म्हणायचं, आणि अन्न उरलं तर द्यायचं.

शेजारच्या पार्वतीची सून गरोदर होती. तिला उभी राहिली की अंधारी येई. पार्वतीच्या घरी सात-आठ कोंबड्या होत्या; अंडी दर आठवड्याला मांद्र्याच्या बाजूला विकायला जात. त्या पैशांतून पार्वतीनं सुनेसाठी लालभडक टॉनिकची बाटली आणली आणि ती वाडीभर दाखवली. वयनींनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. “वा गो पार्वती,” त्या म्हणाल्या, “कोंबडीच्या पोटातलां टॉनिक इकलंस आणि बाटलेतलां इकत घेतलंस.” पार्वती संतापली. अंडं उष्ण पडतं, पपई बाधते, दूध प्यायलं तर पोर मोठं होऊन अडतं, असं तिनं एका दमात सांगितलं. सुनेला काय चालतं, हे मात्र तिला सांगता आलं नाही. चालत होती ती पेज. आणि ती बाटली.

त्याच सुमारास आरोग्य खात्याचे एक डॉक्टर देवळाच्या मंडपात व्याख्यान द्यायला आले. विषय होता माता आणि बालकांचा आहार. पुढच्या बाकांवर वाडीतले सगळे पुरुष बसले. त्यातला एकही माता नव्हता. ज्या होत्या त्या मागे खांबांना टेकून उभ्या होत्या, कारण पोहे करून आत्ताच मोकळ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी भिंतीवर रंगीत तक्ता टांगला. त्यावर सफरचंद, द्राक्षं, दुधाचा पेला आणि लोण्याचा गोळा होता. सफरचंद आमच्या शाळेतल्या मुलांनी फक्त ‘स’च्या चित्रात बघितलेलं. डॉक्टर तळमळीनं बोलत होते, माणूस वाईट नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

मागून वयनींचा आवाज आला. “डॉक्टर, ह्यां सगळां बायलांनी खावचां म्हणतात. ती कोणाच्या आधी, की कोणाच्या मागीर?”

“म्हणजे?” डॉक्टर गोंधळले.

“आमच्या हंय बायलो उरलां तर खातत. तुमच्या कागदार उरल्यालां खंय दाखयलां आसा?”

पुरुष हसले. खांबाजवळच्या बायका पदर तोंडाला लावून त्यांच्याहून जास्त हसल्या. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, “तो तुमचा घरगुती प्रश्न आहे.” जणू बाकीचं जेवण लोक विधानसभेत जेवतात! मग आभार मानले गेले आणि पोहे आले. बशा पुढच्या बाकांपासून वाटत नेल्या, आणि मागच्या खांबापाशी पोचेपर्यंत पातेलं खरवडायची वेळ आली. पार्वतीची सून रिकामं पातेलं घासायला घेऊन गेली. माता आणि बालकांचा आहार हा कार्यक्रम असा यशस्वी झाला.

परतताना वयनी फणफणत होत्या. पुरुषांवर नव्हे, बायकांवर. “त्यांच्यापेक्षा म्हशी बऱ्या. भूक लागली तर हंबरतत तरी!” पार्वती मागूनच येत होती. तिनं ते ऐकलं. पुढं बराच काळ ती वयनींशी बोलली नाही. वयनींच्या जिभेचं हे असं होतं. ज्यांच्यासाठी त्या भांडत, त्यांनाच सगळ्यात जास्त बोचकारत.

मी तसं म्हटलं, तेव्हा त्या मेरेवर थांबल्या आणि पहिल्यांदा मला आपल्या थोरल्या बहिणीबद्दल बोलल्या. इंदू तिचं नाव. तिला नार्व्याला दिली होती, नदीकाठी चांगली शेतं असलेल्या घरात. तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. अंगात रक्तच नव्हतं म्हणे. वयनी भेटायला गेल्या, तेव्हा घरात भाताची कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती. माडीवर नारळ रचलेले होते. इंदूची सासू रडत होती, अगदी खरं रडत होती.

“आणि रडान रडान काय म्हणता ती, बाई? म्हणता, ‘अशी सून मेळूची नाय. कधी तोंड उघडून काय मागूक नाय.’” वयनींच्या नाकपुड्या थरथरत होत्या. “ती तिची स्तुती होती! भरल्या घरात माझी भयण उपाशी मेली, आणि ती स्तुती करी होती. मी घराक इलंय, दुसऱ्या दिसा जेवण केलां आणि पयलां पान माझां मांडलंय. सासू मरापर्यंत माझ्यावांगडा बोलली नाय. आबा चार दीस उलयले नाय. पाचव्या दिसा हात धुवन ओसरेर बसले.”

वयनींना एक मुलगा होता आणि एक मुलगी, शालन. शालन आईबरोबर पहिल्या पंगतीला जेवून वाढलेली. अंगानं भरलेली, हसरी, शाळेतल्या मुलींना लंगडी शिकवायला माझ्याकडे यायची. तिला डिचोलीचं स्थळ आलं. खनिजाचे दोन ट्रक, शेती, बाजारात दुकान. असं घर मिळालं म्हणून वाडीचे डोळे दिपले. लग्नात वयनींनी विहिणीला, द्वारकाबाईंना, नीट न्याहाळलं. बारीक, वाळलेली बाई, मान खाली. “चोरटी दिसता,” एवढाच त्यांचा शेरा.

वर्षभरात शालन गरोदर राहिली. मे महिन्याच्या तोंडावर डिचोलीला एका लग्नाला जाऊन आलेल्या आबांच्या भावानं सांगितलं, की शालन ओळखूच आली नाही, इतकी सुकली आहे. वयनींनी त्याच रात्री पिशवी काढून ठेवली. सकाळी मला म्हणाल्या, “तुमी सुट्टीक फोंड्याक जातात मा? वाटेर डिचोली आसा. माझ्यावांगडा दोन दीस रवा. विहिणीकडे एकटी गेलंय तर माझां तोंड सुटात. परक्या माणसासमोर वायच आवरात.”

मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, या आईबापांच्या रीतीची मी त्यांना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, “तहान लागली की पाणी पितत. रीत पिवन तहान भागता काय?”

डिचोलीचं ते घर मोठं होतं. अंगणात ट्रक उभा, तुळशीवर लाल धूळ, कोठीत तांदळाची पोती. शालन बाहेर आली. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं, आणि पोट तेवढं पुढं आलेलं. आईला बघून आधी ती हसली आणि मग घाबरली.

दुपारी घरातल्या पुरुषांची पंगत झाली. शालनचे सासरे अण्णा, जावई, धाकटा दीर. तळलेल्या इसवण मासळीचा वास माजघरापर्यंत येत होता. मग द्वारकाबाईंनी आमच्यासाठी दोन पानं मांडली.

“तिसरां मांडा,” वयनी म्हणाल्या. “शालनचां.”

“तिचां मागीर,” द्वारकाबाई हळू म्हणाल्या. “आमच्याकडे सुना मागीर जेवतत.”

“बरां. मग माझांय मागीर.” वयनींनी ताट पुढं सरकवलं आणि हात मांडीत घेऊन बसल्या.

शालन कळवळून “आई!” म्हणाली. द्वारकाबाई दाराकडे बघू लागल्या. बाहेर सुपारी कातरत बसलेल्या अण्णांनी हे सगळं ऐकलं होतं. विहीण आपल्या घरी उपाशी बसली ही गोष्ट संध्याकाळपर्यंत डिचोलीच्या बाजारात पोचली असती. सून उपाशी असती तर ती कुठंच पोचली नसती. “वाड गो तिका, एकदाची!” ते बाहेरूनच खेकसले. तिसरं पान मांडलं गेलं. शालन बसली, पण भात चिवडत. एकेक घास ती औषधासारखा गिळत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं.

रात्री तेच. दुसऱ्या दिवशीही दोन्ही वेळा तेच. घरातले पुरुष वयनींकडे बघेनासे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर तोंड धुवायला गेले, तर तिथं शालन आईपुढं उभी होती. एवढ्या दिवसांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

“आई, तू जा. आजच जा. तू गेलंस की माका हंयच रवाचां आसा. हे माका हसतत. खादाडीचां चेडू म्हणतत. मी सगळां शिकलंय हंय, शेवटाक जेवूक शिकलंय. आता माका भूकच लागणा नाय. तू ती कित्याक माका परत लावतंस?”

 ज्यांच्या जिभेला वाडी घाबरे त्या वयनी मागे वळल्या. त्या आत जाऊन पिशवी भरू लागल्या. दुपारच्या बसनं निघायचं ठरलं.

त्या दुपारी पुरुष जेवून गेले. जावई आणि धाकटा दीर ट्रकवर, अण्णा दुकानात. घरात आम्ही चौघीच. द्वारकाबाईंनी पानं मांडली. दोन आमची. तिसरं शालनचं, न सांगता. मग त्या क्षणभर थांबल्या, फडताळातून एक ताट काढलं, पदरानं पुसलं आणि चौथं पान मांडून त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या. बसेनात.

“माका भूक लागल्या,” त्या म्हणाल्या. चोरी कबूल करावी तशा आवाजात.

 मग त्यांना वाटलं असावं, की एवढं सांगितलं तर उरलेलंही सांगून टाकावं. “सकाळपासून लागता. रोजच लागता. लगीन करून इलंय त्या दिसापासून पोटात जळता. शेवटाक जेवूक बसतंय तेव्हा खावचां वाटणा नाय.”

वयनी पानावरून उठल्या. त्यांनी विहिणीच्या हाताला धरून तिला पाटावर बसवलं आणि स्वतः भात वाढला, वरचा, मऊ, वाफेचा. शालन आ वासून बघत होती. तव्यात तळलेली एक मोठी तुकडी झाकून ठेवलेली होती. द्वारकाबाईंनी ती उचलली, मोडली आणि अर्धी सुनेच्या पानात ठेवली.

“ती अण्णांची रातची!” शालन दचकून म्हणाली.

“राती ते डाळ खातले,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि पहिला घास तोंडात घातला.

शालन त्या दिवशी पोटभर जेवली. आई सांगत होती तोवर ते भांडण होतं. सासू जेवायला बसल्यावर ती रीत झाली. माणसाला रिकाम्या पोटापेक्षा रीत मोडायची भीती जास्त वाटते, याचा एवढा स्वच्छ पुरावा मी पुन्हा बघितला नाही.

फोंड्याची बस आधी होती, पेडण्याची नंतर. वयनी मला सोडायला थांब्यापर्यंत आल्या.  तिथं म्हणाल्या, “बाई, मी तिका राक्षशीण समाजत होतंय. आणि ती जल्मभर उपाशी!” मग स्वतःशीच, “इंदूची सासूय तशीच आसतली. त्या मेल्या घरात कोण जेवत होतां, देव जाणे.”

शालनच्या घरात पुढं काय झालं, ते वयनी मला सुट्टीनंतर मिटक्या मारत सांगत. सून आणि सासू एकत्र जेवतात ही बातमी फुटल्यावर अण्णांनी चारचौघांत सांगून टाकलं, की डॉक्टरांचा तसा हुकूम आहे. कुठल्याही डॉक्टरनं असा हुकूम दिला नव्हता. पण बायकोची भूक ज्या घरात शिरू शकत नाही, तिथं डॉक्टर सहज शिरतो. “आसूंदे,” वयनी म्हणायच्या, “डॉक्टराच्या नावान का जायना, भात पोटात गेलो मा?” शालन बाळंतपणाला पेडण्यात आली. तिला रक्ताची बाटली चढवावी लागली, आणि मुलगी झाली ती वीतभर, हाडांची. सगळे घाबरले होते. तीन आठवडे वयनींनी त्या पोरीला छातीशी बांधून ठेवल्यासारखं जपलं, आणि शालनला दर दोन तासांनी काही ना काही खायला घातलं. पोर जगली. बारशाला पार्वती आली होती, अबोला सोडून. तिनं कापडात गुंडाळून सहा अंडी आणली होती. वयनींनी ती घेतली, आणि त्या दिवशी तरी तिला काही बोलल्या नाहीत.

नंतर माझी बदली झाली, लग्न झालं, पेडणं सुटलं. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतीण होते, जाता आलं नाही.

वयनींना मी शेवटचं बघितलं ते डिचोलीच्या बाजारात, बसच्या खिडकीतून. रस्त्याला ट्रक अडकला होता आणि आमची बस एका हॉटेलासमोर थांबली होती. त्या काळी असल्या हॉटेलात बायका एक तर जात नसत, किंवा मागच्या पडदा लावलेल्या खोलीत बसत. पुढच्या बाकांवर ट्रकवाल्यांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत, अगदी दारातल्या मेजावर, दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या होत्या. एकीचे केस पांढरेशुभ्र, अंग अजून धिप्पाड. दुसरी बारीक, पण गालांवर मांस आलेलं. पुढ्यात पातळ भाजी आणि पाव. त्यात पोषण किती, ते तक्तावाल्या डॉक्टरांना विचारा.

मी “वयनी!” म्हणून ओरडले. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि भरल्या तोंडानं हातानंच खूण केली, उतर, ये. तेवढ्यात पुढचा ट्रक हलला आणि बसनं धक्का दिला. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. द्वारकाबाईंनी पावाचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला, आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांनी मेजावर हात आपटला.

“रे!” त्या आत बघून ओरडल्या, साऱ्या ट्रकवाल्यांच्या माना वळल्या इतक्या मोठ्यानं, “ही भाजी थंड आसा! दुसरी घेवन ये, गरम!”

 वयनी जेवत होत्या.